केस कुणाची, केस कुणाचा

‘मी पेपर लिहितेय,’ असं घरात सांगितलं त्या दिवशी तीन माणसांनी त्याचे तीन अर्थ काढले. सासूबाई म्हणाल्या, ‘‘कुठल्या पेपरात येणार? रविवारच्या पुरवणीत असेल तर चार अंक जास्त सांगून ठेवते.’’ दहावीतल्या लेकीनं विचारलं, ‘‘तुझा पेपर कधी आहे? आणि पोर्शन केवढा?’’ क्लिनिकमधल्या मावशींना वाटलं केसपेपर संपले. त्यांनी छापखान्यात फोन करून पाचशे सांगूनही टाकले. ते गठ्ठे अजून माळ्यावर आहेत.

मला म्हणायचा होता तो चौथा पेपर, म्हणजे शोधनिबंध. चिंचवडगावात चापेकर चौकाजवळ मी सव्वीस वर्षं क्लिनिक चालवते. सकाळी दहा ते एक, संध्याकाळी सहा ते साडेनऊ. शिवाय संकष्टीला मोरया गोसावींचं दर्शन घेऊन ‘इकडे आलोच होतो, तर दाखवून जावं’ म्हणत येणारे वेगळे. एवढ्या वर्षांत जे काही लिहिलं ते केसपेपरवर, आणि तेही मावशींखेरीज कुणाला वाचता येत नाही. मग हे खूळ शिरलं कुठून? तर दहा एप्रिलमुळे. हा हानेमानचा जन्मदिवस, जागतिक होमिओपॅथी दिन. त्या दिवशी आमच्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पहाटेपासून हार घातलेले हानेमान येत असतात. यंदा त्या हारांमध्ये एकीनं स्वतःच्या पेपरची लिंक टाकली. खाली बेचाळीस टाळ्या. कॉलेजात ही बाई माझं जर्नल उतरवून काढायची. आता ती जर्नलात, आणि मी चापेकर चौकात.

आमच्या घरात हा विषय तसा नाजूकच. वडिलांची सगळी नोकरी पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये झाली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीनं १९५४ साली उभा राहिलेला हा सरकारी पेनिसिलिनचा कारखाना. त्या पगारावर शिकून मुलीनं होमिओपॅथीचा दवाखाना काढला. बाबा माझ्या औषधाला शेवटपर्यंत ‘तुझा साबुदाणा’ म्हणत, आणि सर्दी झाली की गुपचूप मागूनही घेत. दुसरी बाजू माझ्या नवऱ्याची. आमचे हे चाकणला एका छोट्या व्हेंडर कंपनीत क्वालिटीत आहेत. एक ब्रॅकेट कंपनीच्या गेटबाहेर जाण्याआधी त्याला किती कागद जोडावे लागतात हे मी वीस वर्षं जेवताना ऐकत आलेय. त्यामुळे पेपरचं ऐकून चेहरा उजळला तो एकट्या यांचाच.

लिहायला बसले की मला हानेमानचा हेवा वाटतो. १७९० मध्ये तो कलेन नावाच्या स्कॉटिश डॉक्टरच्या औषधग्रंथाचं भाषांतर करत होता. सिंकोनाच्या सालीबद्दल कलेननं दिलेलं कारण त्याला पटलं नाही. त्यानं ती साल स्वतःच खाऊन पाहिली, हिवताप भरल्यासारखं झालं, आणि ते त्यानं टीप म्हणून खाली लिहून टाकलं. म्हणजे आमच्या अख्ख्या शास्त्राचा उगम भाषांतरकाराच्या तळटीपेत आहे. पुढे १७९६ मध्ये हुफेलांडच्या नियतकालिकात त्यानं रीतसर लेख लिहिला. तेव्हा ना शब्दमर्यादा होती, ना सोळा आकडी ऑर्किड क्रमांक. एकच माणूस, प्रयोग स्वतःवरच, तुलनेला दुसरं कुणी नाही. आज पाठवला असता तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत आला असता.

मी केस निवडली ती चामखिळींची. चाकणला प्रेसशॉपमध्ये काम करणारा थेरगावचा तेवीस वर्षांचा मुलगा; दोन्ही हातांवर मिळून चौदा चामखिळी, त्यातल्या बऱ्याचशा नखांच्या कडेला. चामखीळ म्हटलं की थुजा, हे आमच्या मावशींनाही पाठ आहे. पण मी दीड तास हिस्टरी घेतली होती, रेपर्टरी चाळली होती आणि कॉस्टिकम २०० दिलं होतं. चार महिन्यांत हात साफ. यापेक्षा चांगली केस कुठली?

मग मी केसपेपर काढला. पहिलं पान कादंबरीसारखं होतं. त्याला पावसाळी हवेत बरं वाटतं, दुसऱ्याचं दुःख बघवत नाही, मालिकेतही कुणी रडलं तर हा रडतो, सगळं टिपलेलं. त्यानंतरचे फॉलोअप असे: ‘बरं. रिपीट.’ ‘बरंच बरं.’ ‘छान.’ आणि एका तारखेसमोर नुसतंच ‘हं’. केस रिपोर्ट कसा लिहावा यासाठी केअर नावाची तेरा कलमांची यादी आहे, २०१३ सालची. तिला होमिओपॅथीपुरती हॉम-केस नावाची पुरवणी २०१६ मध्ये जोडली गेली. मी दोन्ही छापून भिंतीला चिकटवल्या. ‘हं’ नेमकं कुठल्या कलमात बसवायचं हे दोन्हींत नव्हतं.

फोटोंची गंमत याहून वरची. ‘आधी’चा फोटो होता, माझ्याच टेबलावर ट्यूबलाइटखाली काढलेला, कोपऱ्यात माझा चहाचा कप. ‘नंतर’चा फोटो त्यानं स्वतः पाठवलेला, विसर्जन मिरवणुकीतला. हातात टिपरू, आणि दोन्ही हात मनगटापर्यंत गुलालात माखलेले. चामखिळी गेल्या की गुलालाखाली गेल्या, हे मलाही सांगता येईना. त्याला पुन्हा बोलावलं, त्याच टेबलावर, त्याच ट्यूबलाइटखाली. आता संमतीपत्र. ‘सही’ म्हटल्यावर त्यानं कागद दोन्ही बाजूंनी उलटून पाहिला. ‘‘मॅडम, नाव येणार नाही म्हणता, तोंड दिसणार नाही म्हणता. मग नुसता माझा हातच जगभर फिरणार का?’’ शेवटी मनगटावर गोंदलेलं ‘आई’ दिसू द्यायचं, या अटीवर तो तयार झाला. पण गोंदणावरून माणूस ओळखू येतो, म्हणून नियमाप्रमाणे नेमकं तेच कापायला हवं होतं. ‘‘आईला कापायचं नाही,’’ तो म्हणाला. बोटांचा जवळून फोटो काढून मी आई आणि नियम दोघांनाही सांभाळलं.

लिहिता लिहिता मजकूर साडेसहा हजार शब्दांवर गेला. मर्यादा अडीच हजारांची. चिंचवडात पाणी येतं तशी मला इंग्रजी वाक्यं सुचतात, दिवसाआड. त्यातलं एक जरी कापायचं म्हटलं तरी जीव कासावीस होतो. यांनी मान वर न करता सांगितलं, ‘‘तुमच्यात जेवढं पातळ कराल तेवढी ताकद वाढते ना? मग कर की पातळ. बारा सीच्या पुढे मूळ औषधाचा रेणूही मिळायचा नाही म्हणतात, तसा यातला मुद्दा मिळाला नाही म्हणजे झालं.’’ मी उत्तर दिलं नाही. पण कापलं.

मग सिमिलॅरिटी रिपोर्ट. सारख्यानं सारखं बरं होतं, या एका वाक्यावर आमची सगळी इमारत उभी; आणि इथे संपादकांची अट, सारखेपणा दहा टक्क्यांच्या आत हवा. माझा निघाला एकतीस. ऑर्गेननच्या १५३व्या सूत्राबद्दल जे लिहिलं होतं ते सगळं लालभडक. त्या सूत्रात हानेमान सांगतो की रोग्याची जी लक्षणं विरळा, चमत्कारिक, त्याची एकट्याची, तीच धरा. आणि ते सूत्र आजवर एवढ्या लोकांनी एवढ्या वेळा लिहिलंय की त्यात विरळा असं काही उरलेलंच नाही.

संदर्भ व्हँकुव्हर पद्धतीनं द्यायचे होते. १९७८ मध्ये काही वैद्यकीय संपादक कॅनडातल्या त्या गावी जमले आणि संदर्भ लिहायची रीत ठरवून उठले, म्हणून हे नाव. पहिल्या सहा लेखकांची नावं द्यायची आणि बाकीच्यांना ‘एट अल’ म्हणून गुंडाळायचं. मला ते लगेच समजलं. आपल्याकडे लग्नपत्रिकेत ‘आणि समस्त परिवार’ असतं तेच हे. सातव्या काकांचा राग तिकडेही असाच सोसत असतील.

याच दिवसांत इंटरनेटवर कुठेतरी माझा ईमेल पत्ता दिला असावा, कारण रोज पत्रं येऊ लागली. सुरुवात ‘आदरणीय प्रोफेसर’ अशी. सव्वीस वर्षांत मला कुणी प्रोफेसर म्हणालं नव्हतं. तीन दिवसांत छापतो म्हणाले, फी डॉलरमध्ये. एकानं तर मत्स्यपालनाच्या नियतकालिकाच्या संपादक मंडळावर यायचं निमंत्रण दिलं. मी दोन मिनिटं विचार केला, खोटं कशाला सांगू.

खरा पेपर गेला एका गुरुवारी रात्री पावणेबाराला. पोर्टलनं तीन वेळा मला बाहेर काढलं, चौथ्यांदा घेतलं. तीन महिन्यांनी उत्तर आलं: ‘मेजर रिव्हिजन’. मी रडवेली झाले. यांनी पत्र वाचलं आणि पेढा मिळाल्यासारखे हसले. ‘‘रिजेक्ट कुठाय? हे तर रिवर्क आहे. गाडी गेटवरून परत पाठवली नाही ना त्यांनी?’’

पहिल्या परीक्षकानं स्वल्पविराम दुरुस्त केले होते. दुसऱ्यानं एकोणीस प्रश्न विचारले होते. महेंद्रलाल सरकारांची गोष्ट मला अशा वेळी फार आठवते. कलकत्त्याचे नावाजलेले ॲलोपॅथीचे डॉक्टर. होमिओपॅथीवरच्या एका पुस्तकाचं परीक्षण लिहायला घेतलं, आधी राजेंद्र दत्तांचे रोगी प्रत्यक्ष पाहिले, आणि १८६७ मध्ये चक्क बाजू बदलून मोकळे झाले. पुढच्याच वर्षी त्यांनी ‘कलकत्ता जर्नल ऑफ मेडिसिन’ काढलं. माझ्या दुसऱ्या परीक्षकाच्या सुरात अशी काही लक्षणं दिसत नव्हती. यांना मात्र बेनव्हेनिस्तची गोष्ट जास्त आवडते. त्या फ्रेंच शास्त्रज्ञाचा अतिविरल द्रावणांवरचा पेपर ‘नेचर’नं जून १९८८ मध्ये छापला, पण आम्ही प्रयोगशाळा तपासायला येणार या अटीवर. मग खुद्द संपादक मॅडॉक्स, बरोबर एक चुका शोधणारा आणि एक जादूगार, असे तिघं गेले. कुठल्या नळीत काय आहे याची यादी पाकिटात घालून छताला चिकटवून ठेवली. निकाल आमच्या बाजूनं लागला नाही. ‘‘याला म्हणतात व्हेंडर ऑडिट,’’ हे म्हणतात, आणि दर वेळी छताकडे बघतात.

प्रश्न सातवा: बऱ्याच चामखिळी वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातात, या आपोआप गेल्या नाहीत कशावरून? प्रश्न आठवा: या काळात रुग्णानं दुसरा कोणता उपचार घेतला होता का? आठव्याचं उत्तर मी तिथल्या तिथे ‘नाही’ असं टाइप केलं. यांनी विचारलं, ‘‘विचारलंस का त्याला?’’

मी फोन केला. मुलगा सेकंड शिफ्टला होता. फोन आजीनं घेतला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या स्वतःच क्लिनिकमध्ये हजर झाल्या. हिरवं नऊवारी, हातात पिशवी.

‘‘दुसरं कायबी नाही केलं,’’ आजी म्हणाल्या. ‘‘फक्त घोड्याचा केस बांधला होता. वरातीच्या घोड्याचा. मोठीला बांधला, ती गळाली. बाकीच्या तिच्याकडं बघून गेल्या.’’

‘‘आणखी?’’

‘‘नखापाशी होत्या त्यांना चुना न् सोडा. थोडा थोडा, काडीनं.’’

‘‘आजी, हे आधी का नाही सांगितलंत?’’

‘‘तुमी कधी इचारलं?’’

खरं होतं. दीड तास मी त्याच्या स्वप्नांबद्दल विचारत होते.

इंग्रजीत ‘हॉर्सहेअर लिगेचर’ लिहिल्यावर त्याला एकदम शस्त्रक्रियेचा वास आला. पुढे मोनार्कचे गुण. १९८१ मध्ये नारान्जो नावाच्या माणसानं, झालेला त्रास औषधामुळेच झाला का हे ठरवायला दहा प्रश्न काढले. आमच्या लोकांनी ते उलटे करून, आलेला गुण औषधामुळेच आला का हे ठरवायला घेतले; तेच हे मोनार्क. त्यात एक प्रश्न असा: सुधारणेला दुसरं काही कारण संभवतं का? ‘नाही’ला अधिक एक, ‘होय’ला उणे तीन. माझे नऊ होते, पाच झाले. तेरापैकी पाच. लेक म्हणाली, ‘‘आई, पस्तीस टक्क्यांच्या वर आहेस, पास.’’

रात्री जेवताना यांनी सहज विचारलं, ‘‘ते तुझं कॉस्टिकम बनतं कशापासून?’’

मी बेसावध होते. ‘‘हानेमाननं स्वतः बनवलं होतं. ताजा भिजवलेला चुना आणि पोटॅशियम बायसल्फेट.’’

यांचा घास तोंडापाशीच थांबला. ‘‘म्हणजे चुना दोघींनीही लावला. आजीनं नातवाला लावला, तू संपादकांना लावत होतीस.’’

सासूबाईंना ठसका लागला.

मी निबंधाचं नाव बदललं, ‘बरी झालेली’ काढून ‘आढळलेली’ घातलं, कोष्टकात तिसऱ्या आठवड्यासमोर केस आणि सहाव्या आठवड्यासमोर चुना लिहिला, आणि आभारात ‘रुग्णाची आजी’ टाकली. चामखीळ गेली ती केस माझी की घोड्याचा केस, हे परीक्षकांनी ठरवावं. पोर्टलवर तेव्हापासून ‘अंडर रिव्ह्यू’ दिसतंय.

गेल्या संकष्टीला आजी देवदर्शन करून पुन्हा आल्या. आभारात नाव न घालता नुसतं ‘आजी’ म्हटलंय हे कळल्यावर थोड्या हिरमुसल्या, पण खुर्ची काही सोडली नाही. ‘‘आता आलेच हाये तर माजे गुडघे बघा.’’

मावशींनी माळ्यावरच्या पाचशेंतला एक कोरा केसपेपर काढून दिला. नाव लिहायच्या आधी मी विचारलं, ‘‘आजी, सध्या गुडघ्यांना काय काय लावताय?’’

आजींनी पदर सावरला, पिशवी खाली ठेवली. ‘‘लिवा,’’ म्हणाल्या.

मावशी दुसरा कागद घेऊन आल्या.