हिरवं बटण आणि करडी अक्षरं

संमती या विषयाचा सर्वांत सखोल विचार कुणी केला असेल, तर तो संशोधकांनी. नाझी डॉक्टरांवरच्या खटल्यातून १९४७ साली न्यूरेंबर्ग संहिता निघाली आणि तिच्या पहिल्याच कलमात माणसाच्या ऐच्छिक संमतीला जागा मिळाली. १९६४ मध्ये हेलसिंकीचा जाहीरनामा आला. आपल्याकडे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत: सहभागी होणाऱ्याला त्याला कळेल अशा भाषेत सगळं समजावून सांगा, आणि तो मधेच उठून गेला तर त्याचं काही बिघडू देऊ नका. त्यामुळे पीएचडी करणाऱ्या मुलीला गडचिरोलीतल्या चाळीस बायांना ‘लोहाच्या गोळ्या घेता का’ एवढंच विचारायचं असलं, तरी आधी एथिक्स कमिटीपुढे उभं राहावं लागतं. हे योग्यच आहे. पण हीच मुलगी रक्तक्षयावरचा निबंध वाचायला एखाद्या संशोधनपत्रिकेच्या संकेतस्थळावर गेली, की तिथं कमिटी नसते. तिथं निम्मा पडदा झाकणारी पट्टी असते: ‘आम्हाला तुमच्या खासगीपणाची कदर आहे.’ त्याखाली ठसठशीत हिरव्या बटणावर ‘सर्व स्वीकारा’, आणि कडेला, चष्मा पुसून पाहिलं तर दिसेल अशा करड्या अक्षरांत, ‘इतर पर्याय’. लग्नपत्रिकेवर ‘कृपया आहेर आणू नये’ छापायचं आणि मांडवाच्या दारात पाकिटं घ्यायला काकांना वहीपेन देऊन बसवायचं, त्यातला हा प्रकार. संशोधनात ज्याच्याकडून माहिती घ्यायची त्याच्यासाठी संमतीचं शास्त्र आहे; संशोधन वाचणाऱ्यासाठी मात्र संमतीचा फक्त देखावा.

ही पट्टी जिच्यासाठी परवानगी मागते ती कुकी, म्हणजे संकेतस्थळानं आपल्या ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटीशी नोंद, मुळात गरीब वस्तू आहे. नेटस्केप कंपनीतल्या लू मोंटुली यांनी १९९४ मध्ये ती घडवली, कारण एका पानावरून दुसऱ्या पानावर गेलेल्या माणसाला संकेतस्थळ ओळखतच नसे; ऑनलाइन दुकानात निवडलेला माल लक्षात राहावा, एवढीच अपेक्षा होती. पण एकाच पानावर भलत्याच कंपन्यांनाही आपापल्या कुकीज ठेवता येतात, आणि त्यातून माणसाचा या स्थळावरून त्या स्थळावर पाठलाग करता येतो, हे लवकरच उघड झालं. कुकीजचं तांत्रिक मानक ठरवणाऱ्या अभियंत्यांनी १९९७ मध्येच सुचवलं होतं, की अशा परक्या कुकीज ब्राउझरनं मुळातच बंद ठेवाव्यात. उद्योगानं ही सूचना आदरपूर्वक कपाटात ठेवली. संशोधनाचे प्रकाशकही मागे राहिले नाहीत. जर्मनीच्या डीएफजी या संशोधन-निधी संस्थेनं २०२१ मध्ये इशारा दिला, की मोठे प्रकाशक आता वाचकाच्या वावराची माहिती गोळा करण्याच्या धंद्यात उतरले आहेत. याउलट अमेरिकी ग्रंथपालांच्या संघटनेनं १९३९ सालच्या आचारसंहितेतच वाचकाची खासगी माहिती गुप्त ठेवणं हे ग्रंथपालाचं कर्तव्य ठरवलं होतं. आणि १९३१ मध्ये रंगनाथनांनी ग्रंथालयशास्त्राचे जे पाच नियम मांडले, त्यातला चौथा वाचकाचा वेळ वाचवण्याचा आहे. पट्टी बंद करण्याची फुली शोधताना तो आवर्जून आठवावा.

यावर प्रकाशकांचं पहिलं उत्तर ठरलेलं: ‘आम्ही विचारलं होतं, तुम्हीच बटण दाबलंत. धोरण वाचायचं होतं.’ वाचूया. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी २००८ मध्ये हिशेब मांडला, की एका सामान्य अमेरिकी माणसानं आपण भेट देतो त्या सगळ्या संकेतस्थळांची खासगीपणाची धोरणं वाचायची ठरवली, तर वर्षाचे दोनशेहून अधिक तास त्यातच जातील. म्हणजे आधी नोकरी सोडायची, मग माहितीपूर्ण संमती द्यायची. युरोपच्या सर्वोच्च न्यायालयाला हा विनोद कळला असावा. आधीच खूण करून ठेवलेली चौकट ही संमती नव्हे, असा निकाल त्यानं २०१९ मध्ये दिला. मग फ्रान्सच्या माहिती-संरक्षण प्राधिकरणानं गूगलला १५ कोटी युरो आणि फेसबुकला ६ कोटी युरो दंड ठोठावला. कारण एवढंच, की ‘हो’ म्हणायला एक क्लिक पुरे आणि ‘नाही’ म्हणायला अनेक. हिरव्या बटणाचा आणि करड्या अक्षरांचा फरक हा सजावटीचा नसून कायद्याचा प्रश्न आहे, हे त्या आकड्यांनी सिद्ध केलं.

दुसरं उत्तर अधिक सोज्वळ असतं: ‘आम्ही नाव घेत नाही, फक्त एक क्रमांक देतो.’ एओएल या इंटरनेट कंपनीनं २००६ मध्ये असाच विचार करून साडेसहा लाख वापरकर्त्यांनी इंटरनेटवर घेतलेले शोध, नावांऐवजी क्रमांक घालून, चक्क संशोधकांच्या सोयीसाठी जाहीर केले. न्यूयॉर्क टाइम्सच्या बातमीदारांनी काही दिवसांतच त्यातल्या एका क्रमांकामागची वयस्कर बाई शोधून काढली, तीही तिनं काय काय शोधलं होतं एवढ्यावरून. पिनकोड, जन्मतारीख आणि लिंग या तीन गोष्टींवरून अमेरिकेतली ८७ टक्के माणसं एकमेवपणे ओळखता येण्याजोगी ठरतात, हे संशोधक लतान्या स्वीनी यांनी त्याआधीच दाखवलं होतं. हे निष्कर्ष ज्या संशोधनपत्रिकांच्या जगात वाचले गेले, त्याच जगात ‘फक्त एक क्रमांक’ हा युक्तिवाद निर्धास्त फिरतो. आणि कोणत्या रोगावरचे निबंध कुणी रात्री दोन वाजता उघडले, हे नाव न घेताही पुष्कळ काही सांगून जातं.

तिसरा आक्षेप मात्र खरा वजनदार आहे: वाचकसंख्या कळली नाही तर अनुदान कसं मागायचं, आणि लॉगिन लक्षात ठेवलं नाही तर संकेतस्थळ चालायचं कसं? लॉगिनपुरती कुकी ठेवावी, तिच्यासाठी युरोपचा कडक कायदाही संमती मागत नाही. किती माणसं आली हे मोजायला ती नंतर कुठं गेली हे कळण्याची गरज नसते. लाखो प्रोग्रामर रोज वापरतात त्या गिटहबनं डिसेंबर २०२० मध्ये अनावश्यक कुकीज काढून टाकल्या आणि त्याबरोबर पट्टीही काढली. संकेतस्थळ कोसळलं नाही. म्हणजे पट्टी ही कायद्यानं लादलेली पीडा नाही. काहीतरी जास्तीचं घ्यायचं असतं, म्हणून ती लागते.

आपल्यासाठी हा परदेशी वाद उरलेला नाही. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेत केंद्रानं ६,००० कोटी रुपये मोजून तीस आंतरराष्ट्रीय प्रकाशकांची दारं देशातल्या सुमारे १.८ कोटी विद्यार्थी-संशोधकांना उघडून दिली. वर्गणी सरकारनं भरली. माहिती भरायची तर ती वाचकानं, हप्त्याहप्त्यानं. २०२३ चा वैयक्तिक माहिती-संरक्षण कायदा म्हणतो, की संमती मोकळी, विनाअट आणि नि:संदिग्ध हवी, ती मागे घेणं देण्याइतकंच सोपं हवं, आणि सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या बावीस भाषांतूनही मिळायला हवी. म्हणजे हिरवं बटण लवकरच मराठीतून फसवू लागेल, एवढी प्रगती निश्चित. त्याच कायद्यात खोटी किंवा क्षुल्लक तक्रार करणाऱ्या नागरिकाला दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची सोय आहे, तेव्हा कदर जपून करवून घ्यावी. यावर तोडगा साधा आहे: प्रत्येक संशोधन-संकेतस्थळाची पट्टी त्याच्याच संस्थेच्या एथिक्स कमिटीपुढे ठेवावी, चाळीस बायांच्या फॉर्मला लावतात तीच फूटपट्टी लावून. प्रस्ताव फेटाळला जाईल, दुरुस्त्यांसह परत येईल, पुन्हा फेटाळला जाईल. आणि शेवटी कुणीतरी वैतागून विचारेल, की एवढी माहिती हवीय कशाला. तो प्रश्न कमिटी गडचिरोलीला जाणाऱ्या मुलीला पहिल्याच बैठकीत विचारते.