पिकअपवाले नाना

प्रत्येक खानदानात एक माणूस आणायला जाण्यासाठी नेमलेला असतो. बाकीचे येतात, जातात, रुसतात, वाटण्या मागतात. हा आणायला जातो. लग्नघरात आचारी कोण बघणार, भटजींना कोण सांगणार यावर तास तास खल चालतो. 'स्टेशनवर कोण जाणार?' असं मात्र कोणी विचारत नाही. सगळे त्याच्याकडे बघतात, आणि तोवर तो किल्ली शोधायला लागलेला असतो.

आमच्याकडे हे खातं नानांकडे आहे. नाना नाशिकचे, पाटबंधाऱ्यातून निवृत्त. मधल्या काळात खात्याचं नाव जलसंपदा झालं, ते त्यांनी अजून मंजूर केलेलं नाही. इंग्रजीशी त्यांचं वैर नाही, पण संबंध कामापुरते. आणि त्यांचं निम्मं काम एकाच शब्दावर भागतं: पिकअप.

हा शब्द त्यांना शाळेतल्या मास्तरांनी नाही, गोदावरीनं शिकवला. दारणा धरणातून सोडलेलं पाणी आधी नदीतूनच खाली येतं, नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यावर अडवलं जातं आणि तिथून डाव्या-उजव्या कालव्यांनी निफाड, येवला, कोपरगाव, राहात्याकडे जातं. असल्या बंधाऱ्याला खात्यात 'पिकअप वेअर' म्हणतात. वरच्यानं सोडायचं, खालच्यानं उचलायचं. 'वेअर' म्हणत बसायला कोणाला सवड नसते. 'वरून किती सोडलं? पिकअपला किती पोचलं?' एवढ्यावर नानांची नोकरी झाली. मधल्या पट्ट्यात काठावरच्या मोटारी रात्रीच्या आपोआप सुरू होतात, त्यामुळे सोडलेलं आणि पोचलेलं कधीच जुळत नाही. याच बंधाऱ्याच्या पाणथळीला २०२० साली रामसर यादीत जागा मिळाली. महाराष्ट्रातली ती पहिली. हिवाळ्यात तिथे लांबलांबचे पक्षी येतात. नानांना त्या पक्ष्यांचं मोठं कौतुक आहे, कारण ते आपले आपण येतात.

पाहुण्यांनाही नाना खात्याचीच भाषा लावतात. 'पुण्याहून पाच सोडले होते, पिकअपला चारच पोचले. संगमनेरला गळती दिसते.' गळती म्हणजे आमची आत्या. ती चहाला उतरली होती आणि बस निघाली.

पुढे त्यांनी चेतक घेतली आणि शब्दाला दुसरा अर्थ फुटला. सकाळी स्कूटर एका बाजूला तिरकी करायची, सरळ करायची, लाथ मारायची आणि सुरू झाल्यावर म्हणायचं, 'गाडी उत्तम आहे, फक्त पिकअप नाही.' इथे पिकअप म्हणजे अंगातली धमक. हीच तक्रार त्यांनी पुढे धाकट्या चिरंजिवांबद्दल केली आणि नंतर जावयांबद्दलही केली. मराठीनं या शब्दाला लिंगंही दोन दिलीत. 'पिकअप गेला' म्हटलं तर मेकॅनिकला बोलवायचं. 'पिकअप गेली' म्हटलं तर पोलिसात जायचं. दुसरी म्हणजे बोलेरो पिकअप. टोमॅटोच्या हंगामात ती पिंपळगावच्या रस्त्यावर क्रेट, शेतकरी, त्याचा मेहुणा आणि मेहुण्याची मोटरसायकल असं सगळं एकदम घेऊन जाते.

फाट्याफाट्यावर उभी असते ती पिकअप शेड. एसटीची वाट बघायला बांधलेल्या या आडोशावर गावाचं नाव बारीक आणि निधी देणाऱ्याचं ठळक. आत शेळ्या बसतात. माणसं बाहेर उन्हात उभी राहतात, कारण आत बसलेला माणूस चालकाला दिसत नाही आणि दिसला तरी गाडी थांबेलच असं नाही. नानांच्या मते महाराष्ट्रात या शब्दाची खरी फसवणूक झाली असेल तर ती इथे.

पण ज्या पिकअपचा नानांना अभिमान आहे तो नाटकातला. तरुणपणी ते खात्याच्या नाटकात असत. भूमिका हवालदाराची किंवा तार घेऊन येणाऱ्या पोस्टमनची, पण तालमीला सगळ्यांच्या आधी हजर, कारण नायिकेला घरून आणायचं कामही त्यांच्याकडेच. समोरच्याचं वाक्य संपताक्षणी आपलं उचलायचं, याला रंगभूमीवर पिकअप म्हणतात. तो पडला की प्रयोग पडला. नानांनी हे इतकं मनावर घेतलं की आता ते समोरच्याचं वाक्य संपायच्या आधीच उचलतात. 'नाना, आम्ही पंचवटीनं येतोय, पण...' एवढं ऐकून ते नाशिकरोडला रवाना होतात. 'उद्या' हा पुढचा शब्द रिसीव्हरमध्ये राहतो.

'पिक'सारख्या इंग्रजी क्रियापदाला अप, ऑफ, इन, आऊट अशी शेपटी लागली की त्याचा स्वभावच बदलतो. अठराव्या शतकात सॅम्युअल जॉन्सननं याबद्दल सावध करून ठेवलं होतं. १७५५ च्या आपल्या शब्दकोशाच्या प्रस्तावनेत तो म्हणतो की परकीयांना सर्वांत जास्त छळणारी गोष्ट हीच. पुढे त्यानं कम ऑफ, फॉल इन, सेट आऊट, टेक ऑफ अशा जोड्याही दिल्या आहेत. टेक ऑफ म्हणजे त्यानं नक्कल करणं असं लिहिलंय. विमानाला अजून अवकाश होता. या जोड्यांना 'फ्रेजल व्हर्ब' हे नाव छापून आलं ते थेट १९२५ साली, लोगन पिअरसॉल स्मिथच्या पुस्तकात. मी हे सगळं नानांना मोठ्या उत्साहानं सांगितलं. त्यांनी विचारलं, 'जॉन्सनच्या यादीत पिकअप आहे?' मी म्हटलं, प्रस्तावनेत तरी नाही. 'मग त्याला कधी कुणाला आणायला जावं लागलं नसणार,' असं म्हणून त्यांनी जॉन्सनची फाइल बंद केली.

तसं जॉन्सनला बाजूला ठेवलं तरी आपलं अडत नाही. ज्याला इंग्रज 'पिक अप' म्हणतो त्यातलं बरंचसं आपलं उचलणं वर्षानुवर्षं करतंय. फोन उचलतात, पोलीस संशयिताला उचलतात, गायक दुसऱ्याची चाल उचलतो, व्यापारी माल उचलतो. उलट आपण कर्ज उचलतो, विडा उचलतो, ऊसतोड कामगार मुकादमाकडून हंगामाआधी उचल घेतो. यातलं काही इंग्रजाच्या पिकअपला जमत नाही. त्याचा शब्द हॉटेलचं बिल मात्र उचलतो. ते आमच्या कुटुंबात कोणालाच जमत नाही. बिल आलं की सगळे नानांकडे बघतात.

एवढ्या भांडवलावर नाना लेकीकडे न्यू जर्सीला गेले आणि तिथे त्यांना समजलं की आपण जन्मभर या शब्दाच्या ओसरीवरच बसलो होतो. पहिल्या आठवड्यात नातीच्या शाळेतून फोन आला की तिनं काहीतरी 'बग' पिक अप केलाय. नानांनी दप्तर झटकलं, डबा झटकला, बूट उलटे केले. किडा सापडेना. मुलीला ताप होता. मग लेक कामावर जाताना म्हणाली, 'बाबा, तिला रूम पिक अप करायला सांगा.' खोली उचलून न्यायची कुठे, हे विचारायच्या आत ती गाडीत बसली. बागेत पाटी होती, कुत्र्याच्या मागोमाग पिक अप करा. काय, ते पाटीवर लिहिलेलं नव्हतं. एक गृहस्थ हातात पिशवी घालून वाकलेले दिसले आणि नानांना अर्थ कळला. असल्या नाजूक गोष्टीत कर्म अध्याहृत ठेवण्याची साहेबांची पद्धत त्यांना आवडली. पिकअप गाड्या तर गल्लोगल्ली, आपल्या बोलेरोच्या थोरल्या भावासारख्या. पण त्यात एकच माणूस आणि त्याच्या हातात एकच कॉफी. मागचा हौदा धुऊन पुसून रिकामा. नाना हळहळले. म्हणाले, 'लासलगावात असती तर हिचं सोनं झालं असतं.'

शाळा सुटताना पालकांच्या गाड्यांची जी रांग लागते तिला तिकडे पिकअप लाइन म्हणतात. नानांना गाडी चालवायची परवानगी नव्हती, म्हणून ते शेजारणीच्या गाडीत पुढे बसून जात आणि त्या रांगेची शिस्त बघून भारावत. कोणी मधे घुसत नाही, कोणी हॉर्न मारत नाही. अनोळखी बाईला पटवण्यासाठी टाकलेल्या चमकदार वाक्यालाही तिकडे हेच नाव आहे, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मराठी मंडळाच्या गणपतीत अमेरिकेत वेळ कसा जातो असं कोणीतरी विचारलं. नानांनी प्रसन्न चेहऱ्यानं, सगळ्यांना कळावं म्हणून इंग्रजीतच सांगितलं की दुपारी अडीचला माझी पिकअप लाइन असते, बायका फार असतात तिथे, आणि मी एकही दिवस चुकवत नाही. तिथे वाढलेली पोरं हसून लोळली. नानांबरोबर आलेल्या काकूंना अर्थ समजावून सांगण्यात आला. काकू शांतपणे म्हणाल्या, 'यांची? यांच्याकडून तसलं एक वाक्य ऐकायला मी चाळीस वर्षं थांबलेय.'

परत आल्यावर नाना जरा सावध झालेत. तब्येत कशी आहे विचारलं तर 'पिकअप घेतेय' म्हणतात आणि आपण बरोबर बोललो ना, म्हणून माझ्याकडे बघतात. बरोबर असतं. धंदा, पाऊस, तब्येत, सगळं पिकअप घेऊ शकतं. फक्त नाना स्वतः कधी कुणाला 'मला पिकअप करा' म्हणत नाहीत. परवा पुण्याहून रात्री साडेअकराला उतरले आणि नाशिकच्या द्वारका चौकापासून रिक्षानं घरी आले. आम्ही रागावलो तर म्हणाले, 'एवढ्या रात्री कोणाला उठवायचं?' हाच माणूस पहाटे चारच्या गाडीसाठी तीनला फलाटावर उभा असतो.

तुमच्या घरातही असे एक नाना, दादा नाहीतर मामा असतील. त्यांच्या वतीनं तुम्हाला एकच विनंती करतो: गाडी किती वाजता पोचणार हे आधी नीट सांगा, उशीर असेल तर कळवा, आणि वाटेत त्यांचा फोन आला की पहिल्या रिंगला उचला.