माझी पंचवार्षिक योजना

देशाने २०१७ साली पंचवार्षिक योजना गुंडाळल्या. त्यांचं भूत बहुधा माझ्या मानगुटीवर बसलं. सांगलीत बँकेत खर्डेघाशी करत होतो. बायको नर्स म्हणून इंग्लंडला, लेस्टरला आली; तिच्या व्हिसावर मी आलो आणि एका केअर होममध्ये केअरर म्हणून चिकटलो. मॅनेजरबाईंनी सहज विचारलं, ‘पुढचा काय विचार?’ मी दुसऱ्याच दिवशी एक्सेल शीट घेऊन हजर! केअरर, मग लेव्हल ३ डिप्लोमा करून सिनियर, मग टीम लीडर, डेप्युटी, आणि पाचव्या वर्षी लेव्हल ५ करून रजिस्टर्ड मॅनेजर. प्रत्येक पायरीला वेगळा रंग. मला वाटलं, बाईंनी खुर्ची जरा घट्ट धरली.

सुरुवात केअर सर्टिफिकेटपासून. त्याची १५ मानकं. माझी संपत आली तोवर २०२५ मध्ये सोळावं आलं. संगणकावरच्या प्रश्नोत्तरांत मी पैकीच्या पैकी. पण ग्यानबाची मेख पुढेच होती. नुसती उत्तरं चालत नाहीत, कोणीतरी शेजारी उभं राहून तुमचं काम बघतं.

गिळायला त्रास होणाऱ्यांना पातळ चहाने ठसका लागतो, म्हणून त्यात घट्ट करणारी पावडर घालतात. किती घट्ट, याची अन्न आणि पेयं मिळून ० ते ७ अशी आंतरराष्ट्रीय मोजपट्टी आहे. आमच्या एका आजींना लेव्हल २ लागायची. म्हणजे सिरिंजमध्ये १० मिली चहा भरायचा, १० सेकंद वाहू द्यायचा आणि मागे ४ ते ८ मिली उरला पाहिजे. मी पावडर घातली ती अंदाजपंचे, वर कौतुकाने एक चमचा जास्तच. सिरिंजमधून थेंब हलेना. चहाचं पिठलं झालं होतं. आजींनी त्यात चमचा रोवून सोडला. तो उभाच राहिला. ‘सुरी आण,’ त्या म्हणाल्या.

पुढे हॉइस्टच्या, म्हणजे माणूस उचलायच्या यंत्राच्या, प्रशिक्षणात मलाच झोळीत बसवून हवेत लटकावलं. वर जाण्याचा माझा आजवरचा तेवढाच योग.

तरी मी हिशेब सोडला नाही. ‘स्किल्स फॉर केअर’ या संस्थेच्या आकडेवारीनुसार पाच वर्षं मुरलेल्या केअररला नवख्यापेक्षा तासाला सरासरी काही पेनीच जास्त मिळतात. तो आकडा शीटमध्ये भरला तर आलेख जागचा उठेना. सिनियर झालं की औषधांची ट्रॉली, प्रत्येक गोळीमागे सही, आणि भल्या पहाटे ‘आज कोण येऊ शकेल?’ असे फोन. मॅनेजर झालं की सीक्यूसी या नियामक संस्थेच्या तपासनिसांसमोर कागदन् कागदाचा जाब.

एका रविवारी दोघंजण आजारी पडले. बघतो तर बाई स्वतः ॲप्रन बांधून टोस्टला लोणी लावतायत. मला बघून म्हणाल्या, ‘तुझी ती शीट आहे ना अजून? पाच वर्षं कशाला थांबतोस?’

सिनियर व्हायला लागणारा औषधं देण्याचा कोर्स मंजूर झाला; त्याच दिवशी माझ्या शिफ्टला माणूस मिळेना, म्हणून पुढे ढकलला. वार्षिक आढाव्याच्या फॉर्मवर ‘यंदा कमावलेलं कौशल्य’ असा रकाना होता. बराच विचार करून मी लिहिलं, ‘चहा’. बाईंनी त्यापुढे ‘लेव्हल २’ जोडलं आणि सही ठोकली.