खेकसून उपकार करण्याची पद्धत

मुंबईच्या लोकलमध्ये परोपकार करू इच्छिणाऱ्या होतकरूंसाठी ही मार्गदर्शिका. पात्रता: सेकंड क्लासचा चालू पास आणि कपाळावर कायमची आठी. हसतमुख उमेदवारांनी अर्ज करू नये. गाडीत हसून मदत करायला आलेल्या माणसाला लोक आधी विमा एजंट समजतात आणि मग आपलं पाकीट चाचपतात.

सुरुवात चौथ्या सीटपासून करावी. रेल्वेनं बाक तिघांचा केला, चौथा माणूस त्यावर लोकांनी बसवला. हा नियम कुठल्याही फलकावर लिहिलेला नाही, पण तो मोडणाऱ्याकडे अख्खा डबा असा बघतो की बिनतिकीट प्रवाशालाही एवढं ओशाळल्यासारखं होऊ नये. विधी असा: उभा असलेला माणूस तोंडानं काही बोलत नाही, नुसती बोटं हलवून सरकायची खूण करतो. तुम्ही लगेच सरकायचं नाही. आधी त्याच्याकडे बघायचं, मग बाकाकडे, मग हा बाक आपल्या आजोबांनी खरेदीखत करून घेतला होता अशा चेहऱ्यानं ‘च्’ असा आवाज काढायचा आणि सरकायचं. तिघांनी चार-चार बोटं सरकलं की बारा बोटांची जागा होते. तेवढ्यात चौथ्याचं अर्धं बूड टेकतं. उरलेलं अर्धं आणि दोन्ही पाय वाटेतच राहतात. पण दिवसभर कपड्याच्या दुकानात काउंटरमागे उभं राहून काम केलेल्या माणसाला या अर्ध्या बुडाची किंमत विचारा. सीएसएमटीहून कल्याण पन्नास किलोमीटरच्या पुढे आहे आणि फास्टलाही तास लागतो.

चौथा तुमचे आभार मानणार नाही. मानलेच, तर माणूस नवखा आहे हे ओळखून खिडकीबाहेर बघावं.

हे जमलं की पुढची पायरी म्हणजे स्वतःहून उठणं. कर्जत-कसाऱ्याच्या गाड्यांत रोजच्या मंडळींचा अलिखित करार असतो: ठाण्यापर्यंत बसलेल्यानं ठाण्याला उठायचं आणि उभ्यानं बसायचं. उठताना ‘बसा’ असं प्रेमानं म्हणू नये. ‘बसताय का, की दुसऱ्याला बोलावू?’ असं विचारावं. ठाणं आल्यावर ज्यांना नेमकी गाढ झोप लागते, त्यांच्यासाठी या पुस्तिकेत काही नाही. त्यांचा गुडघा हलवायला ग्रुपमधले लोक समर्थ आहेत.

आता कंगवा. जुन्या डब्यातला पंखा बटण दाबून सुरू होईलच असं नाही. त्याला कोणीतरी ढकलावं लागतं. खिशातून कंगवा काढायचा, टाचा उंचावून तो जाळीतून आत घालायचा आणि पात्याला एक टिचकी द्यायची. पातं कुरकुरतं, अर्धा फेरा घेऊन थांबतं. दुसरी टिचकी. मग घरघर सुरू होते आणि खाली उभ्या असलेल्या वीसेक घामट मानांना वारा लागतो. कंगव्याला लागलेली काळी धूळ पँटला पुसायची, त्याच कंगव्यानं भांग पाडायचा आणि कोणाकडेही न बघता पुन्हा दांडीला लटकायचं. इतका निःस्पृह सार्वजनिक उपक्रम मी दुसरा पाहिलेला नाही. याला ना उद्‌घाटन, ना कोनशिला.

माहिती देणं हा मात्र खास खेकसण्याचा प्रांत. कोणी भांबावून विचारतो, ‘सायनला थांबेल ना?’ यावर ‘नाही हो, ही फास्ट आहे’ एवढं सांगून भागत नाही. ‘इंडिकेटर वाचता येत नाही का? फास्ट आहे ही, कुर्ल्यानंतर थेट दादर. आता कुर्ल्याला उतरा, स्लो पकडा, आणि आत्तापासून दाराकडे सरका, नंतर हलता येणार नाही. ओ भाऊ, यांना पुढे घ्या जरा!’ पहिलं वाक्य अपमानाचं, बाकी सगळी सेवा. त्या माणसाला कुर्ल्याला उतरवेपर्यंत चार अनोळखी लोक त्याच्यावर ओरडलेले असतात, आणि चौघांनीही त्याला पुढे ढकललेलं असतं. महिलांच्या डब्यात हेच काम अधिक सफाईनं होतं. बसलेली बाई उभ्या मुलीच्या हातातली बॅग न विचारता मांडीवर ओढून घेते आणि वर सुनावते, ‘एवढं काय भरलंयस गं?’ चर्चगेट-बोरिवली लेडीज स्पेशल 1992 साली सुरू झाली. ही कला त्याच्या कितीतरी आधीची असावी.

दारातल्या परोपकाराबाबत मात्र इशारा आहे. चालत्या गाडीमागे धावणाऱ्याला हात देऊन आत ओढणं दिसायला शूर दिसतं. तो हात देऊ नये. गाडीतून पडून आणि रूळ ओलांडताना मुंबईत दरवर्षी कितीतरी माणसं मरतात. अशा वेळी खरी दया म्हणजे दारातून घसा फोडून ओरडणं: ‘सोड! मरायचंय का? मागून येतेय दुसरी!’ तो तुम्हाला मनात शिव्या देत फलाटावर थांबतो. काम झालं.

आणखी एक प्रश्न उमेदवार हमखास विचारतात: मोठी आपत्ती आल्यावर काय करायचं? त्याचं प्रशिक्षण लागत नाही. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, गाड्या जागच्या जागी थांबल्या, आणि लोक रुळांवरून, हायवेवरून घरी चालत निघाले. वाटेत अनोळखी माणसं चहा, बिस्किटं, पाणी घेऊन उभी होती, कित्येकांनी रात्रीपुरतं घर उघडून दिलं. या सगळ्याला ‘मुंबई स्पिरिट’ असं नाव दिलं गेलं. हे नाव मला फारसं आवडत नाही. नाले साफ ठेवणं ज्यांचं काम होतं, त्यांना ते फार सोयीचं पडतं. लोकांनी बिस्किटं वाटली हे लोकांचं मोठेपण. बिस्किटं वाटायची वेळ आली, ती कोणामुळे, हे स्पिरिटच्या कौतुकात कोणी विचारत नाही. लोकलमध्येही तेच: चौरस मीटरभर जागेत चौदा-सोळा माणसं उभी राहतात, याला रेल्वेच्या भाषेत ‘सुपर डेन्स क्रश लोड’ असं भारदस्त नाव आहे. तिथेही सरकून घ्यायचं काम प्रवाशांकडेच. म्हणून चार बोटं सरकावीत जरूर, पण जादा गाड्यांची मागणी करणाऱ्या अर्जावर सहीसुद्धा करावी. सही करताना ‘याने काय होणारे?’ असं पुटपुटायला हरकत नाही, परंपरा आहे.

प्रमाणपत्र मिळणार नाही. तेव्हा ही पुस्तिका आता खिशात ठेवा आणि जरा सरकून बसा. तुमच्यासमोर कोणीतरी दादरपासून उभं आहे.