वहिनींना घेऊनच यायचं!

ऑफिसातला मित्र केंदूरचा निघाला आणि त्याने लग्नाची पत्रिका हातात ठेवून ‘वहिनींना घेऊनच यायचं’ असा दम भरला, तर पुण्यातल्या जोडप्याने काय करावे, यासंबंधी शासनाने अद्याप नियमावली काढलेली नाही. तोवर पुढील सूचना पाळाव्यात.

पत्रिका शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. नवरा-नवरीची नावं निमंत्रक, स्वागतोत्सुक आणि संयोजकांच्या गर्दीत सापडतील तेव्हा सापडतील. लग्नाचं ठिकाण आधी शोधा. नुसतं ‘केंदूर’ टाकून नकाशा लावलात तर तो गावठाणात नेऊन सोडतो आणि मांडव असतो थिटेवाडीच्या धरणाच्या अंगाला, कुठल्याशा वस्तीवर. मग रस्ता विचारावा लागतो. मित्राचं आडनाव सांगून उपयोग नाही; त्या आडनावाची निम्मी वस्ती असते. त्याच्या वडिलांचं नाव पाठ करून जा. आजोबांचं येत असेल तर माणूस मोटारसायकलवरून मांडवापर्यंत पोचवायला येतो.

पुण्याहून नगर रस्त्याने निघायचं. वाघोली, लोणीकंद, कोरेगाव भीमा, सणसवाडी ही गावं नकाशावर जवळजवळ दिसतात, त्यावर जाऊ नका. शिक्रापूरला डावीकडे पाबळचा रस्ता धरा. चुकून चाकणच्या रस्त्याला लागलात तर कंटेनरच्या मागे बसून पत्रिका पुन्हा एकदा सावकाश वाचता येईल.

गाडीतला हा वेळ वाया घालवू नये, कारण जोडीने असण्याची ही शेवटची संधी. मांडवाच्या तोंडाशी तुम्हाला फेटा बांधून पुरुषांकडे नेतात, तिला हळदीकुंकू लावून बायकांकडे. मित्राला जोडी हवी होती ती मांडवाच्या दारापर्यंत. पुढे दोन्हीकडे एकच प्रश्नपत्रिका असते: मूळ गाव कुठलं, फ्लॅट स्वतःचा की भाड्याचा, पगार हातात किती, आणि मुलाबाळांचं काय. उत्तरं आधी जुळवून ठेवा. तुम्ही पुरुषांत ‘फ्लॅट घेतलाय’ म्हणालात आणि तिने बायकांत ‘बघतोय अजून’ सांगितलं, तर पंगत उठेपर्यंत दोन्ही उत्तरं एकमेकांना भेटलेली असतात. मुलाबाळांच्या प्रश्नाला दोघांनीही फक्त हसावं. दोघांनी वेगवेगळी वर्षं सांगितली तर निघायच्या आत कुठल्यातरी देवाचा पत्ता मिळतो.

लग्न न झालेल्या जोडप्याने मात्र सरळ सांगून टाकावं की लग्न ठरलंय. ठरलेलं नसलं, तर वाटेत ठरवावं. वाघोलीपर्यंतचा वेळ पुरेसा आहे.

आता मुहूर्त. पत्रिकेवर 12 वाजून 31 मिनिटं असं लिहिलेलं असतं. यातली 31 मिनिटं गुरुजींची. बाकीची वेळ पुढाऱ्यांची. केंदूर तालुक्याने शिरूरमध्ये आणि विधानसभेला आंबेगावात, त्यामुळे आशीर्वाद द्यायला दोन्ही तालुक्यांची मंडळी येतात. आजी, माजी आणि भावी, असा त्यांचा क्रम असतो. प्रत्येक जण ‘वेळेअभावी दोनच शब्द’ म्हणून माइक हातात घेतो. नवरदेव तोवर मारुतीच्या पाया पडून डीजेमागे कुठेतरी अडकलेला असतो, म्हणून कुणाची तक्रार नसते. एवढ्या वेळात गावातल्या कान्हूराज महाराज पाठकांच्या मंदिरात जाऊन यावं. संताच्या दर्शनाला निघालेल्या पाहुण्याला कुणी अडवत नाही, आणि तिथे बायकोची भेट होण्याचीही शक्यता असते.

पाबळला मस्तानीची समाधी आहे, तिकडे मात्र जेवल्यानंतर जावं आणि जपून जावं. पाबळ हे पेशव्याने मस्तानीला दिलेलं गाव. 1740 साली बाजीराव रावेरखेडीला गेला, त्याच वर्षी तीही गेली. आपल्याला कुणी काय दिलं, हा विषय परतीच्या वाटेवर तिथूनच निघतो.

जेवणाबद्दल फारसं सांगायला नको. बुंदी ताटात पडेल, मठ्ठा पुन्हा पुन्हा मागावा. वाढपी ‘पाव्हणं, घ्या’ म्हणतो तेव्हा हाताने ताट झाकू नये. तो बोटांच्या फटीतून वाढतो.

आहेर पत्रिकेवर ‘आणू नये’ असं छापलेलं असलं तरी पाकीट खिशात असू द्या. द्यायचं कुणी, हे आधी ठरवा, नाहीतर दोघंही देता. तुम्हालाही टॉवेल-टोपी आणि तिला ब्लाउजपीस मिळेल. नको नको म्हणायचं, पण ऐकू जाईल इतकंच.

निघताना यजमानांचा निरोप घेऊ नये असं शहाणे सांगतात, कारण निरोप घेतला की चहा येतो. तरी घ्यावा. त्या चहाला आणखी दोन पत्रिका येतात: तुम्हाला दावडीची, तिला कन्हेरसरची. दोघांनीही आपापल्या ठिकाणी ‘जोडीने येऊ’ असा शब्द दिलेला असतो. गाडी वाघोलीत थांबली की तारखा ताडून पाहाव्यात. बहुधा एकच निघते, मुहूर्तासकट.