राणीछाप

मस्कतला मुलीकडे गेलो होतो. लोक तिथली मोठी मशीद बघतात, समुद्र बघतात. मी पहिल्याच संध्याकाळी जावयाला विचारलं, ‘‘जुनी नाणी कुठं मिळतात?’’ जावई सज्जन. त्यानं आम्हा दोघांना मुतरा सूकच्या तोंडाशी सोडलं आणि पार्किंग शोधायला म्हणून जो गेला, तो दोन तासांनी उगवला.

मुतरा सूक म्हणजे समुद्राकाठचा जुना, छत घातलेल्या बोळांचा बाजार. आत शिरलं की लोबानाचा घमघमाट, दोन्ही बाजूंना खंजीर, शाली, चांदीचे डबे आणि ‘‘आओ भाईसाब, देखने का पैसा नहीं’’ असं अस्सल हिंदी स्वागत. हिचा चेहरा खुलला. परदेशात आल्याचं जे दडपण होतं, ते उतरलं.

तिसऱ्या बोळात मला ती दिसली. मखमलीच्या तबकात पडली होती. भरल्या अंगाची, डोक्यावर विधवेचा पदर, खांद्याशी मोत्यांचा ब्रोच. ऑस्ट्रियाची सम्राज्ञी मारिया तेरेसा. मागच्या बाजूला दोन डोक्यांचा गरुड आणि साल 1780.

‘‘बहुत पुराना है,’’ दुकानदार म्हणाला. ‘‘पंद्रह रियाल.’’

आता मी एकतीस वर्षं बँकेत रोखपाल होतो. मला कोण फसवणार? बाई 1780 मध्येच वारल्या, हे मला पाठ होतं. पण कॉफी विकणाऱ्या अरबांना हाच चेहरा पटलेला. दुसरं नाणं पुढं केलं की ते नाक मुरडत. म्हणून बाई गेल्यावरही टाकसाळीनं साल हलवलं नाही. तेव्हापासून आजवर जे जे पाडलं, त्यावर 1780च. आपल्याकडे गेलेल्या माणसाच्या नावावर पेन्शन चालू ठेवली तर पोलीस येतात. इथं बाईंच्या नावावर दोन शतकं कारभार चालला आणि कुणी हयातीचा दाखलासुद्धा मागितला नाही.

तरी नाणं वाजवून घ्यावं, या शिकवणीनुसार मी ते काउंटरवर टाकलं. काउंटरवर गालिचा होता. नाणं वाजलं नाही. उडालं आणि खंजिरांच्या खाली गेलं. दुकानदाराचा मुलगा पालथा पडून ते काढत असताना ही शेजारच्या दुकानात लोबान घेत होती. मी ते नाणं तिथल्याच काट्यावर ठेवलं. अठ्ठावीस ग्रॅम. बरोबर! असली वजन अठ्ठावीस ग्रॅम आणि वर किंचित, त्यात शंभरात त्र्याऐंशी भाग चांदी.

राहिली शेवटची परीक्षा. ब्रोचवर नऊ मोती हवेत. पूर्वी अरबस्तानातले व्यापारी ते मोजून घेत. मी नाणं डोळ्यांजवळ धरलं, लांब धरलं, उजेडात नेलं. वाचायचा चष्मा घरी राहिला होता.

‘‘द्या इकडे,’’ ही म्हणाली. चाळीस वर्षं माझ्या छंदाला ‘भंगार’ म्हणणारी बाई. पण दागिना म्हटल्यावर नजर बघा. ‘‘नऊ आहेत,’’ ती म्हणाली, आणि दुकानदाराकडे वळून, ‘‘नौ मोती, नौ रियाल.’’

असला हिशेब रिझर्व्ह बँकेतसुद्धा कुणी केला नसेल. दुकानदारानं तोंड उघडलं, मिटलं आणि दहाची नोट घेतली. एक रियाल परत देताना त्यानं निम्मे सुटे बैसे दिले. बैसा म्हणजे आपला पैसाच. 1970 पर्यंत या मुलखात आपल्या रिझर्व्ह बँकेनं आखातासाठी काढलेला रुपया चालायचा, तेव्हा पाव्हणा ओळखीचाच.

मी नाणं रुमालात गुंडाळलं. हिला ऐटीत म्हणालो, ‘‘व्हिएन्नाची राणीछाप आहे. जपून ठेव. इथल्या बायका ही नाणी गळ्यात घालत, आपल्या पुतळ्यांच्या माळेसारखी.’’

एवढ्यात दुकानदारानं विचारलं, ‘‘आप लोग कहाँ से?’’

‘‘बंबई.’’

तो मनापासून हसला. ‘‘ये बंबई में भी बहुत बना है, भाईसाब. लड़ाई के टाइम में.’’

हे मला ठाऊक होतं. रोम, लंडन, पॅरिस यांच्याबरोबर मुंबईनंही 1940-41 मध्ये ही नाणी पाडली आहेत. पण हिला लगेच सांगायची काही गरज नव्हती.

‘‘अहो, म्हणजे आपण विमानाचं तिकीट काढून मुंबईचा माल आणायला आलो?’’

मी ‘मुंबईचाच असेल असं नाही’ वगैरे पुटपुटलो. जावई परतीच्या वाटेवर गाडी चालवताना आरशातून गालातल्या गालात हसत होता. घरी पोचेपर्यंत लोबानाची पुडी आणि सम्राज्ञी एकाच पिशवीत होत्या. त्या नाण्याला अजून तो वास येतो.

मुंबईची टाकसाळ फोर्टात आहे, रिझर्व्ह बँकेच्या समोर. आमची शाखा तिथून पाच मिनिटांवर. एकतीस वर्षं मी दुपारचा डबा खाऊन तिच्याच भिंतीच्या सावलीतून शतपावली घालत होतो.