पिक्चर मोठा, पण लांबला

माझ्या बायकोच्या मामांनी आजवर एकाही जुन्या सिनेमाला वाईट म्हटलेलं नाही आणि एकालाही सरळ पास केलेलं नाही. ‘मुघल-ए-आझम’ असो, ‘पिंजरा’ असो, नाहीतर राजकुमारचा ‘बंगारद मनुष्य’ असो, निकाल ठरलेला. “पिक्चर मोठा. पण लांबला.” फारच खूश असले तर वर एक “परवागिल्ला” मिळतो. कानडीत याचा अर्थ ‘ठीक आहे, चालेल’ एवढाच, पण मामांच्या दरबारात याहून वरचं पदक नाही. मामींच्या पुरणपोळीला लग्नापासून परवागिल्लाच मिळत आलंय, आणि मामी अजून पुरणपोळ्या करतात.

मामा म्हैसूरला बन्नीमंटपात राहतात. दसऱ्याची जंबू सवारी राजवाड्यापासून निघून जिथे येऊन संपते आणि रात्री जिथे मशालींची कवायत होते, ते मैदान त्यांच्या घरापासून चालत जाण्यासारखं. जगभरातून लोक ते बघायला येतात. पण मामांना पत्ता विचारा, मैदानाचं नावही काढणार नाहीत. “केएसआरटीसीचा डेपो माहितेय? त्याच्या मागे.” त्या खात्यात ते कंडक्टर म्हणून लागले आणि ट्रॅफिक कंट्रोलर म्हणून निवृत्त झाले. गाडी वेळेवर सुटली का, मधे उगाच कुठे थांबली, पॅसेंजरची गैरसोय झाली का, हे ज्याने आयुष्यभर पाहिलं तो माणूस सिनेमा बघायला बसला तर दुसरं काय बघणार?

‘शोले’चंच घ्या. १९७५ चा हा सिनेमा आमच्या म्हैसूर-बंगळूर रस्त्यावरच्या रामनगरच्या खडकांत झाला, त्यामुळे म्हैसूरकर त्याला जवळजवळ घरचाच समजतात. रेल्वेने बंगळूरला जाताना मद्दूरला वडा घ्यायचा आणि रामनगर आलं की खिडकीतून बोट दाखवायचं, हा इथला शिरस्ता. मामाही बोट दाखवतात, पण खडकांकडे नाही, रस्त्याकडे. त्यांचं म्हणणं असं, की रामगढला स्टेशन आहे, पण स्टेशनपासून गावापर्यंत बससेवा नाही. एक टांगा, तोही बसंतीचा, आणि बसंती बोलायची थांबत नाही. “सकाळी एक ट्रिप, संध्याकाळी एक ट्रिप, आणि रात्री गावात गाडीचा मुक्काम. ड्रायव्हर, कंडक्टर रोज गावात झोपले असते. गब्बरची हिंमत झाली असती?”

“पण मामा, गब्बरने बसच लुटली असती तर?”

मामांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी बिनतिकीट सापडलोय. “जावईबापू, कंडक्टरच्या पिशवीत असून असून किती असतंय?”

सिनेमा बघण्याचा त्यांचा विधी ठरलेला आहे. जेवणं आटोपली की टीव्हीसमोरची वेताची खुर्ची चार बोटं मागे सरकते. मांडीवर टॉवेल, टॉवेलवर चुरमुरीची वाटी, शेजारी स्टीलच्या डवऱ्यात फिल्टर कॉफी. श्रेयनामावली सुरू झाली की मामा प्रत्येक नावावर एकेक शब्द बोलतात. “गेले.” पुढचं नाव. “गेले.” पुढचं. “हे अजून आहेत वाटतं.” हा भाग त्यांना मनापासून आवडतो. मग गोष्ट सुरू होते आणि साधारण दुसऱ्या गाण्याला मान खाली येते. मामी आवाज कमी करायला गेल्या की मान वर. “झोपलेलो नाही मी. डोळे मिटून ऐकतोय.” मध्यंतरानंतर मात्र खडबडून जागे होतात आणि पडद्यावरच्या कुणाकडेही बोट करून विचारतात, “हा कोण?” तो नायक असतो. आता मधे काय झालं हे सगळ्यांनी मिळून मामांना सांगायचं, तोवर पुढचं काय झालं ते आपल्याला कळत नाही, आणि शेवटी सगळ्यांच्या वतीने मत मामाच देतात. लांबला! अहो, तुम्ही पाहिलात तितका जेमतेम पाऊण तासाचा होता, असं एकदा तोंडावर आलं होतं. मामेसासऱ्यांना असं बोलता येत नाही.

मराठी सिनेमांच्या बाबतीत त्यांचं ज्ञान भक्कम आणि सोपं आहे. जुना मराठी सिनेमा म्हणजे शांतारामबापूंचा. ‘पिंजरा’ बापूंचा, बरोबर. ‘कुंकू’ बापूंचा, तेही बरोबर. ‘सांगत्ये ऐका’ही बापूंचाच. तो अनंत माने यांचा, १९५९ चा, असं मी सांगितलं, तर म्हणाले, “असेल. पण बापूंनी सांगितलं असणार ना काढायला.” यावर काय बोलणार?

तुकारामाच्या बाबतीत मात्र घरात दोन पक्ष आहेत. मामांचे तुकाराम म्हणजे राजकुमार, १९६३ च्या कन्नड सिनेमातले. मामींचे तुकाराम म्हणजे विष्णुपंत पागनीस, ‘प्रभात’चे, १९३६ चे. मामींचं माहेर बेळगावचं, त्यामुळे हा वाद सिनेमाचा राहत नाही, सोयरिकीचा होतो. पागनीसांचा सिनेमा व्हेनिसच्या महोत्सवात गाजला, असा मी मामींच्या बाजूने पुरावा दिला, तर मामा म्हणाले, “व्हेनिसला पाणीच पाणी. त्यांना इंद्रायणी आवडणारच.” मामींना व्हेनिसशी देणंघेणं नव्हतं. त्यांना गौरीबाईंची जिजाई आवडते. ती पायातलं काढून थेट विठ्ठलावर उगारते, त्या प्रसंगाला मामी दरवेळी मामांकडे बघून म्हणतात, “बरोबर केलं.”

सिनेमा कुठे पाहिला हे मामांच्या लेखी सिनेमाहून महत्त्वाचं. म्हैसूरचं प्रत्येक थिएटर त्यांच्या डोक्यात एकेक स्टॉप आहे. कुठल्या बाल्कनीत पंखा होता, कुठे खांब आड यायचा, कुठला शो सुटल्यावर शेवटची सिटी बस मिळायची, हे तोंडपाठ. आता त्यातली कितीतरी बंद झाली. शांतला गेलं, लक्ष्मी गेलं. शांतला २०२० साली बंद पडलं त्या आठवड्यात मामा मुद्दाम तिकडून चक्कर मारून आले आणि घरी येऊन एवढंच म्हणाले, “स्टँड बाहेरून तसाच आहे.” सायकल स्टँडविषयी बोलत होते.

यादवगिरी आमच्याकडून जवळ. तिथे आर. के. नारायण यांचं घर आहे, आता ते संग्रहालय केलंय. बाहेरगावचा पाहुणा आला की मामा त्याला तिथे नेतात आणि फाटकापाशी ‘गाईड’वरचं आपलं मत देतात. नारायण यांची कादंबरी १९५८ ची, देव आनंदचा सिनेमा १९६५ चा. सिनेमावाल्यांनी मालगुडीची गोष्ट उचलून राजस्थानात नेली, आणि लेखकाला ते मुळीच रुचलं नाही. त्यांनी त्यावर चांगला खरमरीत लेख लिहिलाय. मामांनी तो वाचलेला नाही, पण दोघांची तक्रार मुळात एकच निघावी याचं मला नवल वाटतं. नारायण यांना दुःख झालं ते आपलं गाव हरवल्याचं. मामांना दुःख टी.ए.-डी.ए.चं. “गोष्ट इथली, नदी इथली, देऊळ इथलं. आणि सगळा स्टाफ घेऊन उदयपूरला? बिलं कोणी पास केली?”

रजनीकांतचा विषय निघाला तर जेवण थंड होतं. शिवाजीराव गायकवाड, जन्म बंगळूरचा, घरी मराठी, आणि पडद्यावर येण्याआधी बसचा कंडक्टर. कर्नाटकातल्या मराठी माणसाला एवढं पुरतं. मामांना तर यातलं एकच पुरतं. “आमच्या खात्यातला,” ते म्हणतात. पुट्टण्णा कणगाल यांच्या १९७६ च्या ‘कथा संगम’मध्ये रजनीकांत आहे, ते त्याचं कन्नडमधलं पहिलंच काम, आणि मामांनी ते डोळे न मिटता पाहिलंय. कसं वाटलं काम? “काम काय, परवागिल्ला. पण हात बघा त्याचे. सिगरेट उडवतो ती कुठून शिकला? तिकीट फाडून फाडून बोटं तशी होतात.” मग स्वतःची बोटं दाखवतात. आम्ही बघतो.

एकदा एका कॉलेजात ‘बायसिकल थीव्ज’ दाखवणार होते. मी जायला निघालो, तर मामांनी विचारलं, “फुकट आहे?” आणि मामीही साडी बदलून आल्या. सुरुवातीला एका तरुण प्राध्यापकांनी अर्धा तास प्रस्तावना केली. युद्धानंतरचं रोम, बेकारी, खऱ्या रस्त्यांवरचं चित्रीकरण, नायकाच्या भूमिकेत नट नव्हे तर कारखान्यातला कामगार. मामांनी तेवढ्यात डोळे मिटून ऐकून घेतलं. सिनेमा सुरू झाल्यावर मात्र ते खुर्चीत पुढे सरकून बसले. पोस्टरं चिकटवायची सरकारी नोकरी, आणि अट अशी की स्वतःची सायकल हवी. हे मामांना शब्दाविना कळत होतं, खालची अक्षरं त्यांनी वाचलीच नाहीत. तो शिडीवर चढून पोस्टर लावायला लागला, सायकल भिंतीला टेकवलेली, चोर जवळ आला, आणि अंधारात मामा मोठ्याने ओरडले, “कुलूप!”

नंतर चर्चा झाली. पहिला हात मामांचा. “त्याने सायकलला कुलूप का लावलं नाही?” प्राध्यापक भले होते. त्यांनी समजावलं, की दोष एका माणसाचा नाही, दिग्दर्शकाला व्यवस्थेकडे बोट दाखवायचंय. मामांनी मान डोलावली. “व्यवस्था वाईटच हो, सर. मी व्यवस्थेतच होतो. पण कुलूप लावायला पाहिजे होतं.”

परत येताना डेपो येईपर्यंत मामा काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “पोराच्या देखत त्याला धरायला नको होतं लोकांनी.” थोडं पुढे गेल्यावर मामी म्हणाल्या, “आणि त्या बाईने सायकलीसाठी घरातल्या चादरी गहाण टाकल्या होत्या. त्या सुटल्या का शेवटी? ते दाखवलंच नाही.” या सिनेमावर मी बऱ्यापैकी वाचलंय. चादरींचा हिशेब कुणी मागितलेला मला आठवत नाही.

थोर सिनेमांपुढे हात जोडून बसणारे आम्ही लोक त्यातल्या माणसांना कधी सल्ला देत नाही. कलाकृतीला कसला सल्ला? मामा देतात. त्यांच्या लेखी ती सगळी नात्यातली, थोडी बावळट, वेळेवर कुणी सांगणारं न भेटलेली माणसं. ‘कस्तुरी निवास’मधला राजकुमार सगळी इस्टेट देऊन टाकतो, आणि शेवटी दारी आलेल्या बाईने मागितलेलं कबूतरही त्याला देता येत नाही, कारण तिलाच जेवू घालायला त्याने ते कापलेलं असतं. या जागी अख्खं कर्नाटक १९७१ पासून रडतंय. मामाही रडतात. टॉवेल चुरमुरीसकट तोंडाला लावतात. आणि टॉवेलाआडून आवाज येतो, “घराचे कागद तरी आपल्या नावावर ठेवायचे होते रे.” २०१४ मध्ये हा सिनेमा रंगीत करून पुन्हा लागला. मामा गेले नाहीत. रंगीत कबूतर बघवणार नाही म्हणाले.

एका बाबतीत मात्र ते मत देत नाहीत. हुणसूर रस्त्यावरच्या प्रीमियर स्टुडिओत ८ फेब्रुवारी १९८९ ला टिपू सुलतानच्या मालिकेचं चित्रीकरण चालू असताना आग लागली आणि ६२ माणसं गेली. ती मालिका पुढे दूरदर्शनवर आली, घरोघर पाहिली गेली. ती कशी होती, असं मी एकदा सहज विचारलं. “नाही बघितली,” मामा म्हणाले आणि डवरा विसळायला उठले. स्वतःचा डवरा विसळताना मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

गेल्या दसऱ्याला त्यांचा नातू आला होता. तो बंगळूरला सिनेमाचं शिकतो आणि पहिल्या कन्नड बोलपटावर निबंध लिहीत होता. १९३४ चा ‘सती सुलोचना’. दिग्दर्शक वाय. व्ही. राव, सुब्बय्या नायडू इंद्रजित, आर. नागेंद्रराव रावण. आणि हा पहिला कन्नड बोलपट तयार झाला कोल्हापुरात, छत्रपती स्टुडिओमध्ये. मी कोल्हापूरचा, त्यामुळे मामा माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, “बघा, कन्नड पिक्चर बोलायला शिकला तुमच्याकडे.” त्यांच्याकडून जावयाला मिळालेलं हे पहिलं परवागिल्ला.

नातवाने वही काढली. “आजोबा, कसा होता तो सिनेमा?”

“मोठा पिक्चर.”

“तुम्ही पाहिलाय?”

“मी कुठला? वडलांनी बघितलेला. शाळकरी पोर होते तेव्हा.”

“काय सांगायचे ते?”

मामा आठवू लागले. रावण नाही, इंद्रजित नाही, गाणी नाहीत. “सांगायचे, रात्री घरापर्यंत चालत आलो.”

“आता त्याची एकही प्रिंट सापडत नाही, आजोबा. कुणालाच बघता येत नाही तो.”

“असू दे. लिही तू. पिक्चर मोठा, पण लांबला.”

मामी आतून म्हणाल्या, “अहो, न बघताच?”

“चालत आले ते,” मामा म्हणाले. “म्हणजे शेवटची गाडी चुकली. पिक्चर लांबल्याशिवाय गाडी चुकेल कशी?”

नातवाने ते लिहून घेतलं.